कोल्स, इ.

एका अर्धविरामासाठी तुम्ही आमच्या गावचा एक माणूस मरायला ठेवला होता. हा माझा आरोप आहे, आणि तो मी पूर्ण शुद्धीवर, सकाळचं तेरेरे, म्हणजे नळीने ओढायचा आमचा गार काढा, पिऊन झाल्यावर करतो आहे. तुमचं नाव मला ठाऊक नाही. तुमच्या पत्रांवर नाव कधीच नसतं. शिक्का असतो, आणि शिक्क्यावर मेलेल्या पालीसारखी एक सही असते. म्हणून नुसतं ‘तुम्ही’ म्हणतो. ज्याला लागू पडेल त्याने अंगाला लावून घ्यावं.

मी तारुमा आरोग्य केंद्राच्या रुग्णवाहिकेचा चालक. रुग्णवाहिका दोन वर्षं केंद्रामागच्या आंब्याखाली उभी आहे. तिच्या इंजिनाचा एक भाग राजधानीहून, आसुन्सिओनहून, निघालेला आहे, असं तिकडून दर महिन्याला कळवतात. गाडी नाही म्हणून चालकाला काम नाही, आणि काम नाही म्हणून चालकही नको असं कोणाच्या डोक्यात येण्याआधी आमच्या डॉक्टरीणबाईंनी मला टंकलेखनाला बसवलं. दोन बोटांनी का होईना, मी टंकतो. पुढे जे घडलं त्यातली निम्मी पापं या दोन बोटांची आहेत, ते मी लपवणार नाही.

डॉक्टर लिब्राडा ओवेलार उंचीने बेताच्या, आवाजाने नाही. बारा वर्षं त्या इथे आहेत. त्यांच्या हाताखाली न्या ब्लासिया ही परिचारिका. न्या म्हणजे बाई किंवा मावशी, जो जसा घेईल तसं. केंद्राच्या चारही बाजूंना ऊस, आणि उसात यारारा नावाचा साप. मे महिन्यात ऊसतोड सुरू झाली की तोडणीवाले कोयते घेऊन आत शिरतात आणि त्यांच्यातले काही पाय धरून बाहेर येतात.

आता, प्रत्येक आरोग्य केंद्राला सापाच्या विषावरच्या औषधाच्या दोन कुप्या मिळतात. दोनच का, याचा शोध बाईंनी बरीच वर्षं घेतला. शेवटी खात्यातल्या एका निवृत्त माणसाने सांगितलं, की पूर्वी एकच द्यायचे, कारण साप एक असतो. पुढे एका साहेबांच्या हातून कुपी फुटली, तेव्हापासून दोन.

बाईंनी पाच वर्षांत सर्पदंशाच्या अडतीस माणसांची नोंद ठेवली. ज्यांना दोनच कुप्या मिळाल्या, त्यांतल्या कोणाचं बोट गेलं, कोणाचं पाऊल, दोघांची मूत्रपिंडं गेली आणि मागोमाग तेही गेले. ज्यांच्यासाठी न्या ब्लासियाने शेजारच्या केंद्रांना फोन करून, हातापाया पडून, प्रसंगी शिव्या देऊन आणखी तीन कुप्या मिळवल्या, ते सगळे आपल्या पायांनी घरी गेले. एक तर त्याच शनिवारी लग्नात नाचला. बाईंनी खात्याला लिहिलं, दोन पुरत नाहीत, पाच द्या.

खात्याचं उत्तर सभ्य होतं. आकडा बदलता येतो, पण पुराव्यावर. पुरावा म्हणजे छापलेला लेख. छापलेला म्हणजे वैद्यक मंडळाच्या त्रैमासिकात छापलेला. बाकी सगळं हे डॉक्टरांचं वैयक्तिक मत, आणि त्याबद्दल खात्याला आदर आहे.

म्हणून बाईंनी लेख लिहिला. चार पानं. मागे अठरा संदर्भ, म्हणजे आधी कोणी काय म्हणून ठेवलंय त्याची यादी. गेल्या वर्षी जूनमध्ये आम्ही तो पाठवला. पुढची ऊसतोड सुरू व्हायला अकरा महिने होते. चार पानांना अकरा महिने रग्गड झाले, असं मीच म्हणालो होतो.

लेखकांसाठी मंडळाची सूचनावली आहे. लेखात काय असावं याबद्दल तिच्यात एक ओळ आहे: मजकूर खरा असावा. त्यानंतर येतो नियम सात, संदर्भ कसे मांडावेत. तो अकरा पानं चालतो.

ऑगस्टमध्ये लेख पहिल्यांदा परत आला. मजकुराबद्दल काही म्हणणं नाही, संदर्भ नियम सातप्रमाणे नाहीत. नियतकालिकांची नावं पूर्ण लिहिली होती, ती तोडायची होती. ती तोडली. सप्टेंबरअखेर पुन्हा परत. पृष्ठं ‘१२३ ते १२९’ अशी लिहिली होती, ती ‘१२३ ते ९’ अशी हवी होती. न्या ब्लासियाने विचारलं, की हे लोक पुस्तक उलटं वाचत जातात का. बाई म्हणाल्या, ब्लासिया, गप्प बस आणि तो ‘बारा’ खोडायला मदत कर. नोव्हेंबरात पुन्हा परत. सालाच्या आकड्यानंतर अर्धविराम होता, तो बरोबर होता, पण अर्धविरामानंतर मोकळी जागा होती. अठरा मोकळ्या जागा. मी त्या एक एक करून बुजवल्या. प्रत्येक खेपेला सहा आठवडे जात, कारण मंडळाची संदर्भ-शुद्धी समिती एक सोडून एक गुरुवारी बसते, आणि त्या गुरुवारी सुट्टी असली तर ती उठून जाते.

डिसेंबरात मंडळाने यंत्र घेतलं. परदेशातून आणलेलं, संदर्भ आपोआप तपासणारं. त्याला थकवा नाही, भीड नाही आणि आमची भाषा येत नाही.

इथे एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. एखाद्या लेखाचे दोनाहून जास्त लेखक असले, तर नियम सातप्रमाणे पहिल्याचं नाव लिहायचं आणि बाकीच्यांसाठी पुढे ‘इ कोल्स’ असं लिहायचं. आमच्याकडे ‘इ’ म्हणजे ‘आणि’, आणि ‘कोल्स’ हे सहकाऱ्यांचं आखूड रूप. आणि सहकारी. देशातला प्रत्येक डॉक्टर पन्नास वर्षं हे लिहीत आलाय. अमुक इ कोल्स, तमुक इ कोल्स.

जानेवारीत यंत्राचं पहिलं पत्र आलं. त्यात म्हटलं होतं, की संदर्भ क्रमांक २, ३, ५ आणि पुढे आणखी अकरा ठिकाणी कोल्स या लेखकाचं आद्याक्षर आडनावाच्या आधी टाकलेलं आहे. नियम सातप्रमाणे आडनाव आधी हवं. ‘इ कोल्स’ नव्हे. ‘कोल्स, इ.’

बाईंनी संदर्भ-शुद्धी कक्षात फोन लावला. तिथले प्रमुख कास्तो इन्सफ्रान. पदवीधर, म्हणून त्यांना सगळे लिसेन्सियादो म्हणतात. माणूस वाईट नाही. बोलताना मध्येच तेरेरेची नळी ओढल्याचा आवाज येतो, एवढंच.

"लिसेन्सियादो, कोल्स नावाचं कोणी नाही. ‘आणि सहकारी’ आहे ते."

"ते मला कळतं हो, डॉक्टर. यंत्राला कळत नाही."

"मग यंत्राला सांगा."

"त्याचा अर्ज असतो. तो परदेशी जातो. त्यापेक्षा तुम्ही आडनाव आधी टाका ना. तुमचं काय जातंय? सगळे टाकतात."

सगळे टाकतात, हे खरं होतं. हृदयरोगवाले, स्त्रीरोगवाले, दातवाले, सगळ्यांनी दोन-तीनदा लेख परत घेतला होता, कंटाळले होते, आणि जागोजागी ‘कोल्स, इ.’ लिहून मोकळे झाले होते. यंत्राने तेवढ्यावर न थांबता त्रैमासिकाचे वीस वर्षांचे जुने अंकही शुद्ध करून टाकले होते. बाईंनी फोन ठेवून खिडकीतून उसाकडे पाहिलं. मग मला म्हणाल्या, "टाक आडनाव आधी. मे महिन्याला चार महिने राहिलेत."

मी टाकलं.

फेब्रुवारीत संदर्भ मंजूर झाले. आठ महिन्यांत पहिल्यांदाच लेखाचा मजकूर कोणीतरी वाचायची पाळी आली. मजकूर तज्ज्ञाकडे पाठवायचा असतो, आणि तज्ज्ञ यंत्र निवडतं. त्या विषयात ज्याचा उल्लेख सर्वांत जास्त, तो तज्ज्ञ. आमचा लेख अभिप्रायासाठी कोल्स, इ. यांच्याकडे पाठवण्यात आला.

कोल्स यांचं उत्तर आलं नाही. बाईंनी फोन केला, तेव्हा लिसेन्सियादो म्हणाले, की मोठी माणसं, कामात असतात. शिवाय सध्या त्यांच्याकडे एकशे सत्तर लेख पडून आहेत, सगळ्या शाखांचे. बाईंनी पुन्हा सांगितलं, की हा माणूसच नाही. लिसेन्सियादो जरा दुखावले. ते म्हणाले, की डॉक्टर, तुमची घाई मला समजते, पण एवढ्या मोठ्या माणसाबद्दल असं बोलू नये.

मार्चमध्ये विज्ञान परिषदेने यादी लावली. देशात सर्वाधिक उल्लेख झालेला संशोधक: कोल्स, इ., चार हजार तीनशे बारा उल्लेख. हृदय, गर्भाशय, कुष्ठरोग, दाढा, वेड आणि साप, सगळीकडे. दुसऱ्या क्रमांकावर एकशे चाळीस उल्लेखांचे एक वृद्ध प्राध्यापक होते. त्यांनी वर्तमानपत्राला सांगितलं, की कोल्सशी आपली स्पर्धा नेहमीच निकोप राहिली.

मग पदक ठरलं. पदकावर पूर्ण नाव कोरायचं, आणि यंत्रात फक्त आद्याक्षर. लिसेन्सियादोंनी आम्हाला फोन केला, कारण कोल्स यांचे सर्वांत जास्त उल्लेख आमच्या लेखात होते, तेव्हा आमची ओळख असणार. बाई तेव्हा आत एकीच्या बाळंतपणात अडकल्या होत्या. फोन मी घेतला. त्यांनी विचारलं, ‘इ’ म्हणजे काय. मी नऊ महिने मोकळ्या जागा बुजवत होतो. डोकं फिरलेलं होतं. मी म्हणालो, "इवोती."

"इवोती. म्हणजे बाई आहेत?"

"चांगल्या घरच्या," मी म्हणालो.

त्यांनी लिहून घेतलं. फोन ठेवून वळलो तर न्या ब्लासिया दारात. तिला सांगितलं. ती भिंतीला पाठ लावून हळूहळू खाली बसली. ग्वारानीत, म्हणजे आमच्या घरच्या बोलीत, इवोती म्हणजे फूल, आणि स्पॅनिशमध्ये कोल म्हणजे कोबी. "फूल आणि कोबी," ती म्हणाली. "अरे मेल्या, देशाचं पदक तू फ्लॉवरच्या भाजीला दिलंस." आतून बाई ओरडल्या, की इथे एक बाई कळा देतेय आणि तुम्हाला हसू येतंय. आम्ही तोंडात एप्रन आणि रुमाल कोंबले.

पण नाव मिळाल्यावर कोल्सबाईंची जी भरभराट झाली, ती पाहून माझं हसू आटलं. दोन विद्यापीठांनी त्या आपल्या विद्यार्थिनी असल्याचं जाहीर केलं. एकाने त्यांची जुनी प्रवेशपत्रिका शोधायला माणसं बसवली, दुसऱ्याने थेट सभागृहाला नाव दिलं. डॉक्टर पोर्फिरिओ ससियाइन नावाचे एक फार मोठे प्राध्यापक आहेत. ते मुलाखतीत म्हणाले, की इवोती माझ्या वर्गात होती. मागच्या बाकावर बसायची. फार बोलायची नाही, पण डोळ्यांत चमक होती. आपण तिला एकदा नापास केलं होतं, त्याचं आजही वाईट वाटतं. वर्तमानपत्राने लिहिलं, की इतक्या मोठ्या शास्त्रज्ञ असूनही त्या प्रसिद्धीपासून दूर राहतात. खरं होतं ते.

इकडे एप्रिल उजाडला. ऊस डोक्याच्या वर गेला. तोडणीवाले येऊन झोपड्या बांधू लागले, आणि शीतकपाटात दोन कुप्या. आमचा लेख कोल्सबाईंच्या टेबलावर पडलेला, आणि त्यांना टेबल नव्हतं.

मी आणि न्या ब्लासियाने बाईंना सुचवलं, की अभिप्राय आपणच पाठवू. बाई म्हणाल्या, खोटी सही ती खोटी सही, माझ्या केंद्रात चालणार नाही. म्हणून बाई गावात तपासणीला गेल्यावर आम्ही ते केलं. कोल्सबाईंच्या नावाने इ-मेलची टपालपेटी उघडली आणि कळवलं: लेख उत्तम आहे, लगेच छापावा.

लिसेन्सियादोंनी नम्रपणे परत विचारलं, की एवढंच? हे खरोखर आपणच लिहिलंत का? न्या ब्लासिया म्हणाली, "अरे, मोठी माणसं अशी गोड लिहितात होय. दोन शिव्या घाल, आणि स्वतःबद्दल काहीतरी रडगाणं घाल." मी लिहिलं, की लेख बरा आहे, भाषा गचाळ आहे, आणि चौदा उल्लेख करूनही कोल्स यांच्या कार्याची पुरेशी दखल घेतलेली नाही. पंधरा मिनिटांत उत्तर आलं. लिसेन्सियादो म्हणत होते, आता ओळख पटली, मॅडम. क्षमा असावी.

ही माझ्या दोन बोटांची दुसरी करामत, आणि पहिलीपेक्षा महाग. कारण मंडळाने ती तक्रार मनावर घेतली. ज्या लेखात चौदा ठिकाणी कोल्स यांचं काम आहे त्यात त्यांना लेखिका म्हणून स्थान नसणं हा अन्याय ठरला. त्यांचं नाव पहिलं घातलं गेलं. त्यानंतर परंपरेप्रमाणे खात्याचे संचालक, मग उपसंचालक. शेवटी लिब्राडा ओवेलार. एकूण चार झाले. दोनाहून जास्त लेखक असले की नियम काय सांगतो, ते वर आलंच आहे.

एप्रिलच्या शेवटी विशेषांक निघाला. तोडणीवाल्यांच्या ट्रकमधून तो आमच्याकडे आला. लेख चौथ्या पानावर होता. एकही अक्षर बदललेलं नव्हतं. अडतीस माणसं, त्यांची बोटं, त्यांचे पाय, सगळं जसंच्या तसं. वर लेखकाचं नाव: कोल्स, इ., इ कोल्स.

बाईंनी ते दोनदा वाचलं. मला वाटलं, आता अंक माझ्या डोक्यात बसणार. त्या म्हणाल्या, "आकडा बरोबर छापलाय ना? पाच?"

"पाच छापलाय."

"मग बास."

आणि खात्याने शब्द पाळला, हे मला नाकारता येत नाही. आठ दिवसांत परिपत्रक निघालं. आता प्रत्येक केंद्राला पाच कुप्या. पहिला हप्ता, सन्मान म्हणून, लेखाच्या पहिल्या लेखिकेच्या पत्त्यावर. लेखात पत्ता तारुमाचा होता. बर्फाची पेटी बसने निघाली. पेटीवर नाव: डॉक्टर इवोती कोल्स. फक्त समक्ष द्यावी.

मे महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी, सकाळी नऊच्या सुमाराला, एलिहिओ काबान्यास याला पोटरीवर साप चावला. चाळिशीचा माणूस, तीन एकर उसाचा फड एकटा तोडतो. त्याला बैलगाडीवर घालून आणलं. बाईंनी दोन्ही कुप्या दिल्या. साडेदहाला सूज गुडघ्यावर गेली आणि हिरड्यांतून रक्त यायला लागलं. न्या ब्लासियाने शेजारच्या केंद्रांना फोन केले. त्यांच्याकडच्या कुप्या खात्याने परत मागवल्या होत्या, कारण आता पाच-पाच यायच्या होत्या. एलिहिओ आढ्याकडे बघत म्हणाला, की पाय ठेवा डॉक्टर, मला दुसरं काही येत नाही.

तेवढ्यात बसस्थानकावर चिपा नावाचे पाव विकणारी बाई सांगत आली, की तुमची एक पेटी कालपासून सामानघराच्या शीतकपाटात पडून आहे, बियरच्या बाजूला.

सामानघर केंद्रापासून दोनशे पावलांवर. आम्ही तिघं पळत गेलो. एलिहिओपाशी त्याच्या बायकोला बसवलं. खिडकीत फ्रोइलान होता. त्याच्या दोन्ही मुली बाईंच्या हातून जन्मल्या आहेत.

"पेटी दे, फ्रोइलान," बाई म्हणाल्या.

"ओळखपत्र दाखवा."

"तू मला ओळखतोस."

"ओळखतो ना. म्हणून तर देता येत नाही, डॉक्टर. तुम्ही ओवेलार आहात हे मला पक्कं ठाऊक आहे. कोणी अनोळखी बाई असती, तर मी विचार केला असता."

न्या ब्लासियाने त्याच्या आईबद्दल काही सांगितलं. त्याने ते शांतपणे ऐकून घेतलं आणि भिंतीवरचा कागद दाखवला. ओळखपत्र नसल्यास घेणाऱ्याने स्वतःचं नाव सांगावं, दोन साक्षीदारांनी सह्या कराव्यात. फ्रोइलान लाचार झालेला होता. पेटी द्यायची त्याची इच्छा होती, हे दिसत होतं. त्याने वही ओढली, पेन उघडलं आणि बाईंच्या तोंडाकडे न बघता विचारलं, "आपण कोण?"

ज्या बाईने बारा वर्षांत खोटा ताप कधी लिहून दिला नाही, ती घड्याळाकडे बघत होती. पावणेअकरा.

"कोल्स," बाई म्हणाल्या. "इवोती."

"असंच लिहू? आडनाव आधी?"

"आडनाव आधी."

मी आणि न्या ब्लासियाने साक्षीदार म्हणून सह्या केल्या.

एलिहिओ नवव्या दिवशी आपल्या पायांनी घरी गेला. जाताना कुरकुरत होता, की फड दुसऱ्याला दिला. मला त्याच्याइतका आवडलेला रुग्ण दुसरा नाही.

पण ती वही आसुन्सिओनला जाते. कोल्सबाई तारुमाला आहेत, स्वतः पेटी न्यायला आल्या, हे कळल्यावर विद्यापीठाचे कुलगुरू पदक घेऊन दोन मोटारींतून आले. सोबत वाद्यवृंद. दारात लिब्राडा ओवेलार उभ्या, हाताला जखमेचा पू. बाईंनी त्यांना खुर्च्या दिल्या, पाणी दिलं, आणि पहिल्यापासून सगळं सांगितलं. पहिला अर्धविराम ते शेवटची सही. वाद्यवृंदाने वाद्यं पेटीत परत ठेवली. कुलगुरूंनी एकच प्रश्न विचारला. तुम्ही डॉक्टर कोल्स यांच्या नावाने सही केलीत, हे तुम्हाला मान्य आहे?

चौकशी समिती बसली. अध्यक्ष डॉक्टर पोर्फिरिओ ससियाइन. ते बाईंना बराच वेळ न्याहाळून म्हणाले, "मी इवोतीला शिकवलंय. ही ती नव्हे." दुसरा मार्ग त्यांच्यापुढे नव्हताच. कोल्स नाही म्हणावं, तर मागचा बाक, डोळ्यांतली चमक आणि नापास केल्याचं दुःख, सगळं परत घ्यावं लागलं असतं.

बाई म्हणाल्या, कोल्स नाही. समितीने यंत्राला विचारलं. कोल्स, इ.: चार हजार तीनशे सव्वीस उल्लेख. मग समितीने यंत्राला ओवेलार, लि. विचारलं. शून्य. बाईंनी सांगितलं, की आपले दोन जुने लेखही आहेत. समितीने ते मागवले. दोन्हींत त्या चौथ्या होत्या, आणि दोन्हींत पहिल्या नावापुढे आता कोल्स, इ. होत्या. समितीच्या अहवालातलं वाक्य मला पाठ आहे: लिब्राडा ओवेलार या नावाच्या वैद्यकीय अस्तित्वाला संदर्भ आढळत नाही.

बाई निलंबित झाल्या. केंद्राच्या समोर त्यांचं घर आहे. व्हरांड्यात खुर्ची टाकून त्या बसतात आणि आतून कोणी कण्हलं की उठून उभ्या राहतात. रस्ता ओलांडायला त्यांना बंदी आहे. आम्ही दुसरा डॉक्टर मागितला. उत्तर आलं, की तारुमाचं पद रिकामं नाही. त्यावर, त्यांच्याच कार्याचा गौरव म्हणून, डॉक्टर इवोती कोल्स यांची नेमणूक झालेली आहे. त्या रुजू होईपर्यंत सापाच्या विषावरचं औषध अन्य कोणीही देऊ नये. न्या ब्लासियानेही नाही. तिला हे वेगळ्या पत्राने कळवलं आहे, तिच्या तोंडाची ख्याती तिकडे पोचली असावी.

जून अर्धा झालाय. ऊसतोड सप्टेंबरपर्यंत चालेल. शीतकपाटात पाच कुप्या नियमाने येतात. गेल्या आठवड्यात दुसरंही काही आलं: एक जाहीर निवेदन, छापील, सह्यांसकट. तोतयागिरीपासून डॉक्टर कोल्स यांच्या नावाचं रक्षण व्हावं, अशी त्यात मागणी आहे. सही करणाऱ्या प्रत्येकाने शपथेवर लिहिलंय, की आपण त्यांना व्यक्तिशः ओळखतो. डॉक्टर आहेत, वकील आहेत, शिक्षक आहेत, कवी आहेत, आणि नुसते वाचणारे, हसणारे, सुशिक्षित लोक आहेत. नऊशे चौदा सह्या. मी प्रत्येक वाचली, मला वेळ असतो. तुमची त्यात आहे, तीच मेलेल्या पालीसारखी. कोणीतरी कागद पुढे केला, वर दोनशे जणांनी केलेली होती, तुम्ही मजकूर पाहिला नाहीत आणि केलीत.

कालच फडात दोन साप दिसले. आज एकसष्ट माणसं आत आहेत. त्यांतलं कोणीतरी या आठवड्यात पाय धरून बाहेर येणार, आणि त्याच्या खाटेपाशी पाच कुप्या, एक सुई, एक गाडी नसलेला चालक आणि हात लावायला बंदी असलेली एक परिचारिका असेल. रस्त्यापलीकडे एक बाई उभी असेल. सुई कोणी टोचायची? सही करायला तुमचा हात चालला होता. तुम्ही येणार आहात, की त्या बाईला रस्ता ओलांडू देणार आहात? यांपैकी एक लिहून, आजच्या आज कळवा.